मेलेल्या माणसाचा खटला

आपल्याकडच्या फौजदारी कायद्याची एक साधी रीत आहे. खटला चालू असताना आरोपी मेला, तर त्याच्यापुरता खटला तिथेच संपतो. तो दोषी होता की निर्दोष, हे मग कोर्ट ठरवत बसत नाही. तसा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. व्यवहार म्हणून यात चूक काही नाही. मेलेल्या माणसाला तुरुंगात कसं टाकणार, आणि सोडणार तरी कुठे?

५ जुलै २०२१ ला फादर स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत हेच झालं. वय ८४. जेझुइट पाद्री, झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे. एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीतून अटक झाली आणि तळोजाच्या तुरुंगात ठेवलं गेलं. आरोप त्यांनी नाकारले होते. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असतानाच, ते गेल्याचं न्यायमूर्तींना सांगण्यात आलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता.

ते खरे की तपासयंत्रणा खरी, यावर तुमचं मत काहीही असो, त्यांच्यापुरता निकाल आता लागणार नाही. मला इथे त्या केसबद्दल लिहायचं नाही. त्यामागचा जुना प्रश्न मला सतावतो. निकाल लागायच्या आत मेलेल्या, किंवा चुकीचा निकाल लागून मारल्या गेलेल्या माणसाचं काय? त्याच्या आठवणीचं नाही, त्याच्या कुटुंबाच्या नुकसानभरपाईचंही नाही. त्याचं स्वतःचं काय?

स्टॅन स्वामी ज्या श्रद्धेत जगले ती याच प्रश्नावर उभी आहे. तिच्या मध्यभागीही एक खटला आहे. रात्री अटक, घाईत चौकशी, रोमन सुभेदारासमोर सुनावणी, दुपारपर्यंत अंमलबजावणी. ईस्टर म्हणजे चॉकलेटची अंडी आणि लाँग वीकेंड, एवढंच आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पुनरुत्थान हा शब्द सणाच्या शुभेच्छांत वापरायला फार जड आहे.

मराठीत या शब्दाची दोन शेजाऱ्यांशी गल्लत होते. एक पुनर्जन्म, दुसरा पुनरुज्जीवन. पुनर्जन्मात माणूस नव्या देहात, नव्या नावाने येतो, मागचं त्याला आठवतही नाही. पुनरुज्जीवन म्हणजे मेलेला पुन्हा जिवंत होणं. बायबलमधला लाजर तसा जिवंत होतो, पण पुढे कधीतरी तो पुन्हा मरणारच. येशूबद्दलचा दावा या दोन्हींत बसत नाही. तोच माणूस, त्याच नावाने हाक मारता येईल असा, ज्यांनी त्याला ओळखलं होतं त्यांना भेटणारा, आणि आता मरणाच्या पलीकडे गेलेला. ग्रीक शुभवर्तमानांत यासाठी वापरलेली क्रियापदं अगदी रोजची आहेत: झोपेतून उठणं, उभं राहणं. आपणही सकाळी उठतोच. मराठीत 'उत्थान' म्हटलं की घंटानाद ऐकू येतो, तसा मूळ शब्दांना नाही.

ही कल्पना आली कुठून, हे पाहिलं की तिचा स्वभाव कळतो. जुन्या हिब्रू धर्मात मेलेल्यांसाठी फारसं काही नव्हतं. मेलेले खाली शेओल नावाच्या अंधाऱ्या, मुक्या जागी जात. चांगलेही तिथेच, वाईटही तिथेच. चांगल्या वागण्याचं फळ याच जन्मी मिळायचं: दीर्घायुष्य, मुलंबाळं, शेतीभाती. हा हिशोब बरीच शतकं चालला. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास तो मोडला. अँटिओकस एपिफनीस या राजाने यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी आणली, जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. जे धर्म सोडायला तयार झाले ते वाचले, जे प्रामाणिक राहिले ते मारले गेले. हिशोब नेमका उलटा झाला. चांगले वागले म्हणूनच मेले, तर त्यांचं फळ कुठे?

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची आणि त्यांच्या आईची गोष्ट आहे (कॅथलिक बायबलमध्ये हे पुस्तक आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही). राजाचे लोक एकेका भावाला छळून मारतात. तिसऱ्याची पाळी येते तेव्हा तो आपण होऊन हात पुढे करतो. हे हात देवाने दिलेत, त्याच्याकडूनच ते परत मिळतील, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. मला ही गोष्ट भयंकर वाटते आणि सोडवतही नाही. त्याला स्वर्गातली शांती नको आहे. तोडले जाणारे हात त्याला परत हवेत. पुनरुत्थानाची आशा अशी छळाच्या काळात धारदार झाली. अमर व्हायची हौस म्हणून ती आलेली नाही. देव न्यायी असेल तर हे असं संपू शकत नाही, अशी ती तक्रार होती.

दोनशे वर्षांनी, येशूच्या काळात, यावर यहुद्यांमध्ये दोन तट होते. परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. सदूकी म्हणजे मंदिराची सत्ता ज्यांच्या हाती होती त्या वरच्या थरातले, पुरोहित घराण्यांतले लोक. ज्यांचं या जगात बरं चाललेलं असतं त्यांना मेलेले उठण्याची गरज भासत नाही. हे माझं निरीक्षण. सदूक्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने सांगणारं लिखाण उरलेलं नाही, तेव्हा त्यांच्यावर थोडा अन्याय होत असेल.

आपल्याकडे मरणावरचा प्रसिद्ध उतारा वेगळा आहे. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, तो मारत नाही, मरत नाही. लहानपणापासून आपण हे ऐकतो, आणि शोक करणाऱ्याला त्याने धीर मिळतो हे खोटं नाही. पण हेच वाक्य कुणी मारेकऱ्याच्या बाजूने कोर्टात म्हटलं तर? डॉ. आंबेडकरांनी कृष्ण आणि गीतेवर लिहिताना नेमकी हीच कल्पना केली. आत्मा मरत नाही, सबब खून झालाच नाही, असा बचाव एखाद्या वकिलाने केला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असं त्यांनी लिहिलं. गीता एवढीच नाही, हे मान्य. तरी आंबेडकरांनी बोट अचूक जागी ठेवलं होतं. देह वस्त्र असेल, तर देहावर झालेला अन्याय वस्त्रावरच्या डागाएवढाच राहतो.

ग्रीकांकडेही अशीच शांत परंपरा होती. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिस मित्रांशी आत्म्याच्या अमरत्वावर चर्चा करत निवांतपणे विषाचा पेला पितो. त्याच्या शेजारी गेथशेमाने बागेतला येशू ठेवून पाहा. तो घाबरलेला आहे, हा पेला टळो म्हणून विनवतो आहे, मित्रांनी जागं राहावं म्हणून गयावया करतो आहे. ऑस्कर कुलमान या धर्मशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानात ही तुलना केली तेव्हा बरेच ख्रिस्ती त्याच्यावर चिडले. कारण त्यांना वाटत होतं की आपला धर्मही आत्म्याच्या अमरत्वाचाच आहे. खरं तर आजही बहुतेक ख्रिस्ती अंत्यविधींत सॉक्रेटिसच जास्त बोलतो. 'सुटले बिचारे', 'आता चांगल्या जागी आहेत'. पौलाला हे चाललं नसतं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो मरणाला शत्रू म्हणतो. शत्रूच्या हवाली झालेल्याबद्दल कुणी 'सुटला' म्हणत नाही.

रोमन क्रूस हा निव्वळ मारण्यासाठी नव्हता. गुलाम, बंडखोर, परके यांच्यासाठी तो राखलेला होता, आणि माणूस कुणी नव्हताच असं जगाला दाखवणं हे त्याचं काम होतं. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ७१ मध्ये, कापुआ ते रोमच्या रस्त्यावर ६,००० गुलामांना क्रूसावर टांगलं. त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळ एका अस्थिपेटीत टाचेचं हाड सापडलं, त्यात खिळा तसाच होता. टोक वाकल्यामुळे तो निघाला नसावा. पेटीवर नाव कोरलेलं होतं: येहोहानान. रोमन साम्राज्याने असे हजारो लोक मारले आणि पुरावा म्हणून हाती आली ती अशी मोजकी हाडं.

म्हणून सुरुवातीच्या शिष्यांनी जे सांगितलं त्याचा सूर लक्षात घ्यायला हवा. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र जेरुसलेमच्या लोकांसमोर उभा राहतो आणि साधारण असं म्हणतो: तुम्ही त्याला मारलंत, देवाने त्याला उठवलं. मरणानंतरही जीवन असतं, असला सर्वसाधारण सिद्धांत तो मांडत नाही. तो एका विशिष्ट खटल्याचा निकाल फिरल्याचं सांगतो आहे. साम्राज्याने शिक्षा दिली, वरच्या कोर्टाने ती रद्द केली आणि आरोपीला हजर केलं. पौल यात पुढचं पाऊल टाकतो. येशू हे पहिलं पीक आहे, असं तो म्हणतो. पहिलं पीक हाती आलं म्हणजे मागचं शेत पिकतं आहे. एकटा येशू उठला आणि बाकी सगळे मेलेले तसेच राहिले, तर तो एक चमत्कार होईल, त्यात आशा नसेल. रस्त्यावरच्या त्या ६,००० जणांचंही काहीतरी व्हायला हवं.

हे खरंच घडलं का, हा प्रश्न टाळता येणार नाही, पण मी त्यावर थोडक्यातच बोलेन. 'पुनरुत्थानाचे दहा अकाट्य पुरावे' छापाचे व्हिडिओ पाहिले की मला उलट शंका येऊ लागतात. इतिहास म्हणून सांगता येतं ते इतकं. पौलाचं ते पत्र घटनेनंतर पंचवीसेक वर्षांच्या आत लिहिलेलं आहे, आणि त्यात तो आधीपासून चालत आलेली साक्षीदारांची यादी देतो. चारही शुभवर्तमानांत कबरीपाशी आधी बायका पोचतात, ज्यांच्या साक्षीला त्या काळात फारसं वजन नव्हतं. दुसऱ्या शतकात केल्ससने यावरून खिल्लीही उडवली. गोष्ट रचायची असती तर असे साक्षीदार कुणी निवडले नसते, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण त्याने सिद्ध काही होत नाही. गंमत म्हणजे पौलाच्या यादीत बायकांची नावंच नाहीत. आणि प्रत्यक्ष उठण्याचा क्षण चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. कुणी पाहिलाच नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत तर पुस्तक अशा जागी थांबतं की बायका घाबरून कबरीपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. पुढचा भाग नंतर कुणीतरी जोडला. विजयाची बातमी लिहिणारा माणूस इतक्या भेदरलेल्या ओळीवर थांबतो, यावर मला कुठल्याही पुराव्यापेक्षा जास्त विचार करावासा वाटतो.

खरा आक्षेप मात्र इतिहासकारांचा नाही. तो सिमोन वेलचा आहे. ही फ्रेंच तत्त्वज्ञ कारखान्यात मजुरी करून आलेली, ख्रिस्तावर प्रेम करणारी आणि तरी चर्चच्या उंबऱ्यावरच थांबलेली. १९४२ मध्ये एका पाद्र्याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात ती म्हणते की शुभवर्तमानांत पुनरुत्थान नसतं तर तिला विश्वास ठेवणं सोपं गेलं असतं, क्रूस तेवढा तिला पुरेसा होता. तिला भीती होती ती सांत्वनाची. दुःखाला लगेच गोड शेवट जोडला की आपण दुःखाकडे बघणं सोडतो. पुढच्याच वर्षी ती ३४ व्या वर्षी गेली.

या आक्षेपाला मी बरीच वर्षं मान देत आलोय आणि अजूनही देतो. आपल्या आजूबाजूला आशा म्हणून जे विकलं जातं, 'सब ठीक हो जाएगा' छापाचं, त्यावर वेल हा उतारा आहे. पण तिच्या बोलण्यात एक जागा मला खटकते. क्रूस मला पुरेसा आहे, असं ती स्वतःबद्दल म्हणू शकते. मला माझ्या मरणानंतर काही नको, असं म्हणण्यात एक उदात्तपणा आहे. पण मणिपूर असो, गाझा असो की आपल्या गावातली सेप्टिक टँक, तिथे मेलेल्या मुलाच्या आईला मी सांगू शकतो का की त्याला जे मिळालं तेवढं पुरेसं आहे? माझ्या वाटची आशा मी सोडू शकतो. त्याच्या वाटची सोडायचा अधिकार मला कुणी दिला?

हाच वाद १९३७ मध्ये दोन मार्क्सवादी मित्रांत झाला, दोघेही यहुदी घरातले. माक्स होर्कहायमरने वाल्टर बेंजामिनला कळवलं की भूतकाळातला अन्याय झाला तो झाला, मारलेले खरोखरच मेलेत. हिशोब अजून उघडा आहे असं म्हणायचं तर अंतिम न्यायनिवाड्यावरच विश्वास ठेवावा लागेल. बेंजामिनने ते पत्र आपल्या टिपणांत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं की स्मरणात अशी ताकद असते की संपलेलं दुःखही ते असंपलेलं करू शकतं. बेंजामिन १९४० मध्ये नाझींपासून पळताना स्पेनच्या सीमेवर मेला. होर्कहायमर म्हातारपणी, १९७० मध्ये, एका मुलाखतीत म्हणाला की निरपराध बळीवर खुन्याचा शेवटचा विजय होऊ नये ही आस म्हणजेच धर्मविचार. श्रद्धा त्याच्याकडे तेव्हाही नव्हती. आस होती.

मला वाटतं, पुनरुत्थानाचा अर्थ इथे पकडता येतो. 'मी मेल्यावर कुठे जाईन' या प्रश्नाचं ते उत्तर असेल तर मला त्यात फार रस नाही, आणि वेलचा आक्षेप त्याला पुरेपूर लागू पडतो. ते दुसऱ्याच्या वतीने धरलेली आशा असेल, तर गोष्ट बदलते. मग ते सांत्वन राहत नाही. फाइल बंद झाली असं मान्य करायला दिलेला तो नकार होतो.

वेलच्या भीतीला शुभवर्तमानातही एक उत्तर आहे. उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा तशाच आहेत. योहान सांगतो, थोमा म्हणाला की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, आणि येशूने त्याला ते दाखवले. काराव्हाजिओच्या चित्रात थोमाचं बोट चक्क कुशीच्या जखमेत आत गेलेलं दिसतं, कपाळावर आठ्या. हाच थोमा भारतात आला अशी केरळच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची परंपरा आहे, आणि या मातीला तो शोभतोही. देवाला मरण हरवता आलं तर जखमा भरणं काय अवघड होतं? तरी व्रण राहिले. नॅन्सी आयस्लँड ही अमेरिकन अभ्यासक जन्मापासून हाडांच्या विकाराने अपंग होती. १९९४ मध्ये तिने या प्रसंगावर पुस्तक लिहिलं. स्वर्गात तू 'नीट' होशील, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने विचारलं की मग ती मीच असेन का? तिच्या वाचनात उठलेला ख्रिस्त अपंग देव आहे. झालेलं न झाल्यासारखं करणं हे पुनरुत्थान नव्हे, हे माझ्या डोक्यात तिच्यामुळे पक्कं झालं.

आता घरातली घाण. मेल्यावर सगळे उठणार आहेत, असं सांगून जिवंतपणी माणसांना गप्प बसवता येतं. मार्क्सने ही टीका केली तेव्हा तो हवेत बोलत नव्हता. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत बांधलेली आहे. दर रविवारी देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास जाहीर करायचा आणि तो देह पुरताना मधे विटा रचायच्या. ही माणसं पुनरुत्थान खरंच मानत असती तर त्यांना उठल्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहायची लाज वाटली असती.

स्टॅन स्वामींनी मात्र उद्याच्या भरवशावर आजचं सोडलं नाही. झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती ते गोळा करत होते आणि तो प्रश्न त्यांनी हायकोर्टात नेला होता. पुढे ते स्वतः कच्चे कैदी म्हणून मेले. त्यांच्या मृत्यूनंतर जेझुइट सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, त्यांच्या नावावरचा ठपका पुसला जावा म्हणून. मेलेल्या माणसाच्या वतीने केलेला अर्ज. बातमी वाचली तेव्हा मला तो ईस्टरचाच एक विधी वाटला, फक्त स्टॅम्पपेपरवर केलेला.

खरा विधी पवित्र शनिवारच्या रात्री असतो. वसईतल्या चर्चांमध्ये तुम्ही तो पाहू शकता, कुणी अडवत नाही. आधीचा पूर्ण दिवस मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते. येशू मेलेला, आणि पुढे काय होणार ते शिष्यांना माहीत नसलेला असा तो दिवस. रात्री दिवे मालवून लोक बाहेर अंगणात जमतात, शेकोटी पेटवतात आणि तिच्यावर एक उंच मेणबत्ती लावतात. मेणबत्तीवर क्रूस कोरलेला असतो आणि त्यात धुपाचे पाच खडे खोचतात, पाच जखमांसाठी. क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे असतात. येशूच्या मरणाचं वर्ष नव्हे, यंदाचं. मग ती मेणबत्ती पुढे धरून सगळे अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. सणाचे पन्नास दिवस संपले की ती बाजूला ठेवतात. नंतर वर्षभर, गावात कुणी गेलं आणि शवपेटी चर्चमध्ये आणली, की तीच मेणबत्ती शेजारी आणून लावतात.